बाविसावी गाठ

मुलांनो, आधी डोळे मिटा. मिटले? आता उजव्या हाताची मूठ करा. त्या मुठीत सुताचा एक दोर आहे असं समजा. तुमच्या अंगठ्याएवढा जाड, धुऊन धुऊन मऊ झालेला. मुठीच्या आत एक गाठ आहे. ती गाठ तुमची, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. पुढे दीड हातावर दुसऱ्या कोणाची तरी गाठ, मागे दीड हातावर आणखी कोणाची. नागपूरची जानेवारीतली सकाळ आहे. कान गार पडलेत, तोंडातून वाफ निघतेय, मागचा पोरगा तुमचा स्वेटर ओढतोय. आणि समोर रस्ता आहे.

आता सांगा, रस्ता ओलांडून झाल्यावर सगळ्यात शेवटी तुम्हाला काय ऐकू यायला हवं?

तुम्हाला नाही सांगता यायचं. आमच्या शाळेतल्या कुठल्याही पोरानं झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"शेपूट आलं!"

हा आवाज पुन्नीचा. हजेरीपटावर तिचं नाव पौर्णिमा हेडाऊ. वय आठ, इयत्ता तिसरी. अंगानं काटकुळी, पण ती कविता म्हणायला लागली की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लोटून घेत. म्हणूनच मी तिला दोराच्या टोकाला ठेवली होती. तिचं ओरडणं कानावर पडेपर्यंत मी रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहायची. ते ऐकलं की हात खाली. मग गाड्यांनी खुशाल जावं.

वीसेक वर्षं झाली या गोष्टीला. डोळे उघडलेत तरी चालेल आता.

आमची शाळा बैलबाजाराच्या रस्त्यापलीकडे होती आणि पोरं राहायची अलीकडे, हातमागवाल्यांच्या वस्तीत. मीही तिथेच राहायची, दोन गल्ल्या सोडून. सकाळी मी शाळेला निघाले की पोरंही माझ्यासोबत निघायची. कोणी पुढे पळायचा, कोणी बोरीखाली बोरं वेचत बसायचा. एकदा दोघं जण माझ्या नकळत अलीकडेच राहिली, आणि मग माझ्याकडे धावत येण्यासाठी एकदम रस्त्यात उतरली. कसा तो बैलगाडीवाला थांबला कोण जाणे. त्या संध्याकाळी मी पुन्नीच्या आजोबांकडे गेले. गणपतराव हेडाऊ साठ वर्षं मागावर बसलेला माणूस. मी त्यांना विचारलं, बाजारात बरासा नायलॉनचा दोर कुठे मिळेल?

"नायलॉनचा काहून पाहिजे, बाई? तो हाताले कापते," ते म्हणाले. "मी देतो ना सुताचा वळून. पोट्टे किती हाय?"

"बावीस."

"मंग बावीस गाठी."

आठ दिवसांत दोर आला. पुन्नीनंच तो गळ्यात घालून आणला, हारासारखा. जून महिना होता. आम्ही त्या दिवशी पहिला तास शाळेच्या मैदानावर दोर धरून चालण्यातच घालवला. तीन नियम केले. रस्त्याशी आलो की प्रत्येकानं आपल्या गाठीचा नंबर ओरडायचा. बाई मधोमध हात वर करून उभ्या राहिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि तिसरा नियम एकट्या शेपटासाठी.

"पुन्ने, ऐक. सगळ्यांनी दोर सोडला तरी तू सोडायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"सगळ्यांनी सोडला तरी शेपटानं नाही सोडायचा."

तिच्याकडून मी ते पाच वेळा म्हणवून घेतलं. मला आवडतं पाठ करून घ्यायला. पाठ केलेलं जन्मात विसरत नाही, असं मी मोठ्या अभिमानानं सांगत असे.

बैलबाजाराच्या रस्त्याला आमची सवय झाली. रोज सव्वासातला बावीस पोरांची ही लांबलचक गोम रस्ता ओलांडते हे सगळ्यांना ठाऊक झालं. दूधवाला लांबूनच सायकलवरून उतरे. ट्रकवाले इंजिन बंद करून नंबर ऐकत बसत. एक जण तर रोज खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "काय बाई, आज इंजनाला डबे किती?" पोरं एका सुरात ओरडत, "बावीस!"

पहिली गाठ रिकामी झाली गणपतीनंतर. समीक्षाची आई फाटकाशी थांबली होती.

"बाई, रागावू नका. समीक्षाच्या बाबांनी स्कूटर घेतली. ते जातेच त्या बाजूनं ड्युटीवर. म्हटलं, पोरगी कशाला पायी तंगडतोड करते?"

"दहा मिनिटांची तर वाट आहे."

"हो, पण रस्ता पाहा ना कसा झाला. भीती वाटते."

मी हसून म्हणाले, "ठीक आहे. तिची गाठ मी तशीच ठेवते. कंटाळली की पाठवा."

दसऱ्यापर्यंत चार गाठी रिकाम्या झाल्या. दिवाळीत बोनस मिळाले, आणखी दुचाक्या आल्या. मग सहा जणांच्या आयांनी मिळून एक ऑटो लावला. ड्रायव्हरच्या शेजारी दोन पोरं, मागे चार, दप्तरं बाहेर लोंबकळत. जूनमध्ये शाळेच्या फाटकाशी सकाळी तीन दुचाक्या असत. नाताळाच्या आधी एका सकाळी मी मोजल्या, तेव्हा एकतीस होत्या. सगळ्या एकाच दहा मिनिटांत येणार, एकाच फाटकाशी वळणार, सगळ्यांना पुढे ड्युटीची घाई. आणि मला भेटणारा प्रत्येक जण तेच म्हणे, बाई, रस्ता बिघडला हो. पायी पाठवायची हिंमत होत नाही.

हिंमत होत नाही म्हणून त्यांनीही दुचाकी काढली की बत्तीस होत.

मी मात्र हट्टाला पेटले होते. जो जाईल त्याला सांगायची, तुझी गाठ तुझीच. मला खरोखर वाटत होतं की हे चार दिवसांचं नवं खूळ आहे, उन्हाळ्यापर्यंत उतरेल.

गणपतरावांनी एकदा मला गल्लीत थांबवलं. खांद्यावर पंचा, हातात सुताची गुंडी.

"बाई, तो दोर द्या जी मले एका रात्रीसाठी. कापून सांधून देतो. आता पोट्टे पाच-सातच हाय म्हणते पुन्नी."

"कापू नका. मुलं परत आली की धरतील काय?"

"आली त पुन्हा वाढवून देईन."

"राहू द्या हो, गणपतराव. गाठ दिसत राहिली तर पोरांना आठवण राहील."

त्यांनी गुंडीतला धागा बोटांत ओढून धरला. मग म्हणाले, "आमच्या कामात तसं नाही चालत, बाई. ताण्यातली उभी तार तुटली का लगेच सांधा लागते. जागा रिकामी ठेवली त फट पार शेवटपर्यंत जाते."

मला वाटलं, म्हातारा आपल्या मागाबद्दल बोलतोय. मी मान हलवली आणि भाजीला गेले.

आता पुन्नीचं सांगते. गाठी रिकाम्या होत गेल्या तशी ती एकटी पडत गेली, पण तिला त्याचं काही नव्हतं. रस्त्याशी आलो की पुढून आवाज येत, एक, दोन, तीन, चार. मग शांतता. आणि मग पुन्नी न आलेल्या सगळ्या पोरांचे नंबर स्वतःच त्यांच्या त्यांच्या आवाजात म्हणायची. समीक्षासारखं लाजून "पाच". ढेपे नावाचा एक जाडा पोरगा होता, त्याच्यासारखं धापा टाकत "अकरा". आणि एकविसाव्या गाठीच्या अभिलाषची नक्कल तर अशी करायची की पुढची पोरं हसून हसून दोर सोडत. अभिलाष भोयर बारमाही सर्दीचा. त्याचं "एकवीस" पूर्ण नाकातून यायचं.

तो स्वतः दोरावर होता तोवर ती त्याच्यादेखत नक्कल करायची आणि तो तिला चिमटे काढायचा. एक जानेवारीला त्याच्याही घरी स्कूटर आली.

"मी उद्यापासून बाबांसोबत येणार," त्यानं पुन्नीला सांगितलं. मी पुढे उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"ये ना. समोर उभा राहून येशील, माकडावानी."

"तू पायी येशील, मी भुर्रकन जाईन."

"जा ना भुर्रकन. तुझा नंबर मी म्हणते. तुझ्याहून बरा म्हणते."

"म्हणून दाखव."

तिनं म्हणून दाखवला. तो हसला, मग नाक पुसत म्हणाला, "गाठ कोणाला देऊ नको बरं."

त्यानंतर दोरावर पाचच जण उरले. एक ते चार या गाठींना चार पोरं, मग सतरा रिकाम्या गाठी, आणि टोकाला पुन्नी. मी एकदा म्हणाले, "पुन्ने, पुढे ये गं. पाचवी गाठ धर."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग शेपूट कोण?"

आणि मी हसले. मुलांनो, मी शिक्षिका होते, तिला पुढे ओढून आणायला हवं होतं. पण मला तिचं ते कमरेवर हात ठेवणं आवडलं. बावीस आवाज ऐकण्याची मला सवय झाली होती. रोज सव्वासातला मला बावीस आवाज ऐकू येत. रस्त्यावरच्या माणसांना मात्र पाच पोरं दिसत. आणि त्यातली पाचवी फार मागे.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. धुकं नव्हतं, चांगलं कोवळं ऊन पडलं होतं. मी रस्त्याच्या मधोमध गेले, हात वर केला. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या.

"एक!"

"दोन!"

"तीन!"

"चार!"

मग पाचपासून एकविसापर्यंत पुन्नी. त्या दिवशी तिनं अभिलाषचं एकवीस दोनदा म्हटलं. आणि मग स्वतःचं खणखणीत "बावीस!"

पुढची चौघं चालू लागली. माझ्या जवळून गेली, पलीकडच्या कडेला पोहोचली. रिकामा दोर रस्त्यावरून सरपटत त्यांच्या मागे चालला होता. दोर रस्त्याहून लांब होता. चौघं पलीकडे पोहोचली तेव्हा पुन्नी अलीकडच्या कडेवरून नुकता पाय खाली ठेवत होती.

माझी नजर मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांकडे होती. पीठगिरणीच्या गल्लीतून माझ्या पाठीमागून एक स्कूटर आली. जोरात नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. चालवणाऱ्यानं पाहिलं, चार पोरं पलीकडे गेली, मधला रस्ता मोकळा आहे, कडेला कोणी एक मुलगी उभी आहे. त्यानं मोकळ्या जागेतून गाडी घातली.

त्याच क्षणाला पुढच्या पोरांनी दोर ओढून घ्यायला सुरुवात केली आणि तो जमिनीवरून वीतभर उचलला गेला.

दोर चाकात गेला. पुढच्या चौघांच्या हातांतून तो सटकला, तळव्यांची सालं गेली, पण सुटला.

पुन्नीनं सोडला नाही.

मी वळले तेव्हा ती रस्त्यावरून ओढली जात होती. दहा-बारा पावलं असेल अंतर. तिथून पुढे दुभाजक सुरू व्हायचा, त्याचा पहिला दगड शेवटी होता. स्कूटर पुढे जाऊन आडवी झाली होती. चालवणारा उठून उभा राहिला, आणि त्याच्या पुढ्यात उभा राहून आलेला पोरगाही उठला. त्याला कुठेच लागलं नव्हतं. तो अभिलाष होता.

समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं चाकातला दोर पात्यानं कापला. पुन्नीची मूठ उघडायला दोघं लागले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अभिलाषचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. भोयर म्हणजे वीज मंडळाच्या खांबांवर चढणारा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. शर्टाची बाही फाटली होती. ती ते सारखी ओढून नीट करत होते.

"बाई, तुम्ही सांगा ना त्यांना. मी जोरात नव्हतो."

"नव्हता."

"मला चारच पोरं दिसली. चार गेली, मी म्हटलं झालं."

"चारच होती, भोयर."

"पायी पाठवायची भीती वाटायची, म्हणून तं गाडी घेतली होती," ते म्हणाले, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्नी गेली.

चौकशी झाली, जबाब झाले. मी जबाबात सगळं खरं सांगितलं. दोन गोष्टी सोडून. गणपतरावांनी दोर कापायला मागितला होता हे मी सांगितलं नाही. आणि पुन्नीनं दोर का सोडला नाही, हे मला कोणी विचारलं नाही. घाबरून मूठ आवळली असेल, असं सगळे म्हणाले. मी गप्प बसले. तिला काय पाठ होतं हे फक्त मला माहीत होतं.

मी दोर बंद केला. शाळेत एकटी जायला लागले, लांबच्या वाटेनं, तो चौक टाळून. वर्गात तिसऱ्या रांगेतली एक जागा रिकामी होती आणि तिथे बसायला कोणी तयार नव्हतं. एका दुपारी गणिताच्या तासाला अभिलाषनं हात वर केला. महिनाभर त्यानं हात वर केला नव्हता. मला वाटलं, उदाहरण अडलं असेल.

"बाई."

"बोल."

"मी एकवीस नंबरवर असतो, तर बाबांना मी दिसलो असतो ना?"

अख्खा वर्ग माझ्याकडे पाहत होता. तीस वर्षांत मुलांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं माझ्याकडून झालं नव्हतं. चंद्र पडत का नाही, माणूस मरतो म्हणजे काय, सगळ्याला मी काही ना काही सांगितलं होतं. त्या दिवशी मी फळ्याकडे वळले आणि उरलेलं उदाहरण लिहीत राहिले. खडू तुटला तरी लिहीत राहिले.

माघ संपत आला तेव्हा एका संध्याकाळी गणपतराव दारात आले. महिनाभरात ते अर्धे झाले होते. मी त्यांना बसा म्हणाले, ते बसले नाहीत. पंच्यात गुंडाळलेलं काही त्यांनी माझ्या हातात दिलं.

उघडून पाहिलं, तर दोर. धुतलेला. जिथे पात्यानं कापला होता तिथे सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नव्हतं. लांबी पाच-सहा हात.

"बाई, ते चार पोट्टे एकलेच जाऊन राहिले," ते म्हणाले. "त्यांच्या घरी गाडी नाही, ते कुठं जातीन? मी रोज पाहतो. कोणी थांबत नाही त्यांच्यासाठी."

मी म्हणाले, "गणपतराव, तुम्ही मला सांगितलं होतं."

"हो."

"मी ऐकलं नाही."

"हो," ते पुन्हा म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती. विणकर जशी कापडातली खोट बोट ठेवून दाखवतो, तसं. मग त्यांनी दोर माझ्या हातावर नीट पसरला.

मी गाठी मोजल्या. "पाच आहेत. मुलं तर चारच उरली."

"चार पोट्ट्यांच्या चार."

"आणि ही पाचवी?"

"ते कोणाची नाही. पण दोराले शेपूट त पाहिजे," एवढं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी चौघांना मैदानावर घेतलं. नंबर नाहीत, चालणं नाही. फक्त एकच गोष्ट शिकवली. मी दोर हिसकला की सोडायचा. गाठ मुठीत आवळायची नाही, अशी उघड्या हातावर ठेवायची, बोटं नुसती टेकवायची. "सोडा!" म्हटलं की चारही हात वर. पंधरा-वीस वेळा करून घेतलं. पाठ झालं तरी करून घेतलं. अभिलाष व्हरांड्याच्या खांबाआडून पाहत होता. मी त्याला हाक मारली नाही.

तुम्हाला एक सांगते. मी आता शहात्तर वर्षांची आहे, मुलीकडे दुसऱ्या शहरात राहते. रस्ता ओलांडून झाला की अजूनही मी मागे वळून उभी राहते. नातू हात ओढतो. "आजी, झालं ना, चल की." मी म्हणते, थांब जरा. कशाला थांबायचं हे त्याला ठाऊक नाही. आता तुम्हाला ठाऊक आहे.

मैदानावरच्या सरावानंतरचा सोमवार होता. चार पोरांना घेऊन मी बैलबाजाराच्या रस्त्याशी आले. ज्या कडेवरून पुन्नी उतरली होती, तिथेच. गाड्या आधीपेक्षाही जास्त होत्या. मी मधोमध गेले आणि हात वर केला. गाड्या कशाबशा थांबल्या.

"एक," "दोन," "तीन," "चार." पोरांचे आवाज जेमतेम ऐकू आले.

चौघं माझ्या जवळून गेली. उघड्या हातांवर दोर. पलीकडे पोहोचून कडेवर चढली. पाचवी गाठ त्यांच्या मागे, रस्त्यावरच पडून राहिली.

आणि माझा हात खाली येईना.

झालं होतं सगळं. मला दिसत होतं, पोरं पोहोचली होती. पण सात महिने ज्या आवाजाशिवाय हा हात कधी खाली आला नव्हता, तो आवाज आला नव्हता. मी वाट पाहत उभी राहिले. हॉर्न वाजायला लागले. एक जण स्कूटरवरूनच ओरडला, "ओ मावशी, गेले ना पोट्टे! आता कोणाची वाट पाहता?" मागचा आणखी जोरानं हॉर्न दाबायला लागला. पलीकडून पोरं घाबरून माझ्याकडे पाहत होती. मला हालता येत नव्हतं.

अलीकडच्या कडेला, पीठगिरणीच्या बाजूला, भोयर उभे होते. पायी. गाडी त्यांनी त्या दिवसानंतर बाहेर काढली नव्हती. अभिलाषचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं, इतकं घट्ट की पोराची बोटं पांढरी पडली असतील.

अभिलाषनं मनगट सोडवून घेतलं. भोयरांनी "अरे" म्हटलं, पण त्याला जाऊ दिलं.

त्यानं उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग थांबलेल्या गाड्यांच्या समोरून, घाई न करता, तो चालत आला. माझ्या वर केलेल्या हाताखालून गेला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. रस्त्यावर पडलेल्या पाचव्या गाठीशी तो वाकला, ती उचलली, तिची धूळ चड्डीला पुसली आणि उघड्या तळहातावर ठेवली. मूठ केली नाही. तसाच चालत कडेपर्यंत गेला, वर चढला, वळला. अख्ख्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. एकदा नाक ओढलं.

आणि मग, जितक्या मोठ्यानं त्याला ओरडता येत होतं तितक्या मोठ्यानं, पूर्ण नाकातून, तो ओरडला,

"शेपूट आलं!"